शून्य-बत्तीस, शून्य-पस्तीस

राउटर हाताने कॉन्फिगर करणे हा काही इतिहासाचा विषय नाही, असं तुमच्यापैकी निम्म्या लोकांना वाटेल. इतिहास म्हणजे किल्ले, तह आणि सनावळ्या. पण मंडळी, २००५ ते २०१५ या दहा वर्षांत आपल्यापैकी ज्यांनी ज्यांनी घरी तांब्याच्या तारेवरचं ब्रॉडबँड घेतलं, त्यांनी ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाइप करून एक करड्या-निळ्या रंगाचं पान कधी ना कधी उघडलं आहे. त्या पानावर दोन चौकोन असायचे. एकात शून्य भरायचं, दुसऱ्यात ३२ किंवा ३५. का, ते लाइनमन सांगायचा नाही, कॉल सेंटरवाला सांगायचा नाही आणि मोडेमबरोबर आलेलं पुस्तक तर मुळीच सांगायचं नाही. "भरा हो, चालतं," एवढंच.

आज त्या दोन आकड्यांबद्दल बोलू. ते कुठून आले, कोणी ठरवले आणि आपल्याला ते हाताने का भरावे लागले. हे सांगायला मी जागा निवडली आहे ती तानसा. आता तानसाचा आणि राउटरचा काय संबंध? आहे. थोडा धीर धरा.

आकडा बदलतो ती वेस

आधी भूगोल. मुंबई, नवी मुंबई आणि ठाणे शहर ही टेलिफोनच्या दृष्टीने एमटीएनएलची हद्द. एमटीएनएल सुरू झालं १ एप्रिल १९८६ ला. लोकलने मुंब्रा-दिवा मागे टाकून डोंबिवलीत शिरलात की ०२२ संपून ०२५१ सुरू व्हायचा, म्हणजे खातं बीएसएनएलचं (बीएसएनएल हे नाव १ ऑक्टोबर २००० पासूनचं, त्याआधी नुसतं "टेलिफोन खातं"). तिथून कल्याण, टिटवाळा, वाशिंद, आसनगाव, आटगाव अशी कसाऱ्याची लाइन पुढे जाते. आसनगावला उतरलं की शहापूर, आटगावला उतरून आत गेलं की तानसा.

मुंबईत एमटीएनएलचं "ट्राय बँड" आणि देशाच्या बहुतेक भागात बीएसएनएलचं "डेटावन" ही दोन्ही ब्रॉडबँड जानेवारी २००५ च्या सुमारास सुरू झाली. तंत्र एकच, तार तीच, मोडेमही बऱ्याचदा एकाच जातीचे. पण ठाण्यातल्या घरातला चालू मोडेम उचलून शहापूरला नेऊन लावला, तर काय व्हायचं? वीज आली की पहिला दिवा लागणार. फोनची तार खोचली की डीएसएलचा दिवा लुकलुकून स्थिर होणार. आणि इंटरनेट? शून्य. मोडेम आणि एक्स्चेंज यांचं एकमेकांशी जमलेलं आहे, तार ठीक आहे, पण पुढचं दार काही उघडत नाही.

कारण एमटीएनएलकडे जोडी होती ०/३२ आणि बीएसएनएलकडे ०/३५. वापरकर्त्याचं नाव-पासवर्ड अर्थातच वेगळा लागणार होता, पण नाव विचारलं जाण्याची पाळी येण्याआधीच गाडी अडायची. मुंबईची वेस ओलांडली की आकडा तीनने वाढतो, हे कुठल्याही नकाशात छापलेलं नव्हतं. ठाणे आणि शहापूर यांच्यामधली ती एक अदृश्य हद्द होती.

बत्तीसच का?

या जोडीतला पहिला आकडा व्हीपीआय, दुसरा व्हीसीआय. म्हणजे "आभासी मार्ग" आणि "आभासी वाहिनी" यांचे क्रमांक. हे आले एटीएम नावाच्या तंत्रातून (पैसे काढायचं एटीएम नव्हे!). १९८० च्या दशकात जगभरच्या टेलिफोन कंपन्यांना वाटत होतं की उद्याचं जाळं एकच असेल. आवाज, चित्र, संगणकाची माहिती सगळं त्याच्यावरून जाईल, आणि ते जाळं अर्थातच आपण बांधू. त्यासाठी त्यांनी माहितीचे एकसारखे छोटे तुकडे करायचे ठरवले. तुकडा केवढा? अमेरिकेचं म्हणणं ६४ बाइट. युरोपचं, विशेषतः फ्रान्सचं, म्हणणं ३२ बाइट, कारण तुकडा लहान असला तर बोलण्यात विलंब कमी आणि प्रतिध्वनी मारणारी यंत्रं बसवायचा खर्च वाचतो. शेवटी ठरलं ४८. म्हणजे सरळ सरळ मधला आकडा! त्याला ५ बाइटचं शीर्ष जोडलं आणि ५३ बाइटचा तुकडा झाला. दोन्ही बाजूंना नको असलेला आकडा जगाचा नियम झाला. आपल्याकडे सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव होतात तसाच प्रकार.

त्या ५ बाइटच्या शीर्षात व्हीपीआय आणि व्हीसीआय लिहिलेले असतात. एकाच तारेवरून अनेक वाहिन्या चालवता याव्यात म्हणून. आणि प्रमाण ठरवणाऱ्यांनी ० ते ३१ हे व्हीसीआय जाळ्याच्या स्वतःच्या कामांसाठी राखून ठेवले: संदेश, तपासणी, देखरेख. त्यामुळे सामान्य गिऱ्हाइकाला देता येईल असा पहिला मोकळा आकडा ३२. एमटीएनएलने तो उचलला, बीएसएनएलने ३५. जर्मनीत १/३२ चालायचं, ब्रिटनमध्ये ०/३८, फ्रान्समध्ये ८/३५. यात विज्ञान काही नाही. ज्याने एक्स्चेंजमधली यंत्रं लावली त्याने एक मोकळा खण निवडला, एवढंच. पण तो खण तुमच्या मोडेमला आपोआप कळत नसे. कोणीतरी सांगायला हवा. म्हणून हाताने भरा.

या ५३ मधले ५ बाइट म्हणजे जकातच. २५६ केबीपीएसला आठने भागून सेकंदाला ३२ केबी उतरायला हवेत, आणि प्रत्यक्षात तेवढे कधी दिसत नसत, त्याचं एक कारण हे. दर तुकड्यामागे नऊ-दहा टक्के पत्त्यातच खर्च.

जुनी तार, नवं ओझं

आता तारेकडे येऊ. मुंबईत पहिलं टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं जानेवारी १८८२ मध्ये. तेव्हापासून घरापर्यंत येते ती तांब्याच्या दोन तारांची जोडी. बोलण्यासाठी तिच्यातले साधारण ४ किलोहर्ट्झपर्यंतचेच स्वर वापरले जात. त्याच्या वरची सगळी जागा शंभर वर्षं रिकामी पडून होती.

ती वापरायची कल्पना अमेरिकेत बेलकोरमधल्या जोसेफ लेकलायडर यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुढे रेटली. त्यांचा मुद्दा मोठा मार्मिक होता. एक्स्चेंजमधून शेकडो जोड्या एकाच जाड केबलमध्ये शेजारी शेजारी निघतात आणि त्या एकमेकींत कुजबुजतात. दोन्ही दिशांना सारखाच वेग द्यायचा हट्ट धरला तर ही कुजबुज सगळं बिघडवते. पण घराकडे येणारा वेग जास्त आणि घरातून जाणारा कमी ठेवला, तर एकूण जास्त माहिती जाते. एडीएसएलमधला "ए" तो हाच, असममित. स्टॅनफर्डच्या जॉन सिऑफी यांच्या गटाने तारेचे शेकडो बारीक पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यावर झेपेल तेवढंच ओझं टाकायची पद्धत व्यवहारात आणली. साधारण २६ ते १३८ किलोहर्ट्झ घरातून बाहेर जायला, आणि तिथपासून १,१०४ किलोहर्ट्झपर्यंत घरात यायला. फोनपाशी लावायची ती छोटी पांढरी डबी, स्प्लिटर, या दोन जगांना वेगळं ठेवायची. ती न लावता फोन उचलला की खरखर यायची आणि नेट तुटायचं, हे अनेकांना आठवत असेल.

टेलिफोन कंपन्यांना हे हवं होतं ते घरोघरी सिनेमे पोचवून केबल टीव्हीशी टक्कर द्यायला. म्हणजे त्या असममितीत नुसती विद्युतशास्त्राची सोय नव्हती, एक गृहीतकही होतं: घरातला माणूस घेणारा आहे, देणारा नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरी अडचण अंतराची. तार जितकी लांब तितके वरचे पट्टे मरत जातात. एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटरच्या पुढे एडीएसएलचा जीव जातो. शहरात प्रश्न नाही, एक्स्चेंज कोपऱ्यावर असतं. पण शहापूर-मुरबाड म्हणजे डोंगराच्या कुशीत विखुरलेले पाडे. गावोगाव फोन नेण्याचं काम मुळात झालं ते सी-डॉटच्या छोट्या ग्रामीण एक्स्चेंजमुळे. सी-डॉटची स्थापना १९८४ ची, आणि १२८ जोडण्यांचं पहिलं ग्रामीण एक्स्चेंज १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला बसलं. वातानुकूलनाशिवाय चालणारं, आपल्या उन्हाळ्याला पुरून उरणारं यंत्र. पण ते आवाजासाठी होतं. त्याच तारेवर ब्रॉडबँड चढवायचं तर एक्स्चेंजमध्ये वेगळं यंत्र हवं, चोवीस तास वीज हवी आणि तार छोटी हवी. तिन्ही एकत्र जुळणं गावात अवघड. त्यात पावसाळा. जॉइंटमध्ये पाणी शिरलं की मोडेमच्या पानावरचा "नॉइज मार्जिन" घसरायला लागायचा. सहा डेसिबलच्या खाली गेला की दिवा लुकलुकलाच म्हणून समजा.

"कोणी आहे का?"

समजा, तार चांगली आहे, ०/३५ भरलं आहे. आता पुढचा चौकोन: पीपीपीओई. मग नाव आणि पासवर्ड.

इथे एक साधा प्रश्न विचारू. तार माझ्याच घरात येते. खात्याला माहीत आहे की ती माझी आहे, फोनचं बिल त्याच तारेवर येतं. मग वर नाव-पासवर्ड कशाला?

याचं उत्तर तंत्रात नाही, हिशेबात आहे. आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलमार्फत, डायल-अपवर. फोन लावायचा, मोडेम किंचाळायचा, नाव-पासवर्ड द्यायचा, मिनिटं मोजायची. जगभरच्या सेवादात्यांची सगळी व्यवस्था या "सत्रा"भोवती बांधलेली होती. कोण आत आला, कधी आला, किती वापरलं, हे टिपणारा सर्व्हर होता रेडियस, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा. तारेवर पीपीपी चालायचं, ज्याचं प्रमाण १९९४ चं.

मग आलं ब्रॉडबँड, कायम चालू. त्यात डायल करणं नाही, सत्र नाही. मग मोजायचं कसं? सगळी बिलिंगची यंत्रणा फेकून द्यायची? त्यापेक्षा असं करू, की नवीन तारेवर जुन्या डायल-अपचं सोंग आणू. फेब्रुवारी १९९९ मध्ये पीपीपीओईचं टिपण प्रसिद्ध झालं ते याच गरजेतून. ईथरनेटवरून पीपीपी.

ते चालतं कसं, हे गमतीदार आहे. तुमचा राउटर अंधारात हाक मारतो, "कोणी आहे का?" पलीकडून उत्तर येतं, "मी आहे." राउटर म्हणतो, "मग मला आत घे." उत्तर येतं, "हा घे तुझा सत्र क्रमांक." या चार संदेशांनंतर नाव-पासवर्ड तपासला जातो आणि पत्ता मिळतो. पाचवा संदेश निरोपाचा. म्हणजे व्हीपीआय-व्हीसीआय चुकलं असेल तर तुमची हाक बरोबर माणसापर्यंत जातच नाही. आणि ते बरोबर असून पासवर्ड चुकला, तर "मी आहे" येतं पण दार उघडत नाही. मोडेमच्या लॉगमध्ये हे दोन प्रकार वेगवेगळे दिसायचे, आणि ज्याला ते वाचता यायचे तो बिल्डिंगमधला "नेटवाला दादा" व्हायचा.

या सोंगाची किंमत ८ बाइट. ईथरनेटचं पाकीट १,५०० बाइटचं, त्यातले ८ या सत्राच्या शिक्क्यात गेले, उरले १,४९२. तो एमटीयूचा चौकोन आठवतोय? तो आकडा न बदलता १,५०० ठेवला की विचित्र भूतबाधा व्हायची. पिंग जातंय, काही साइट उघडताहेत, पण नेमकी बँकेची साइट अर्धी उघडून लटकते. कारण मोठी पाकिटं वाटेत अडतात, आणि "मोठं आहे, लहान करून पाठव" हा निरोप वाटेतल्या एखाद्या अतिशहाण्या फायरवॉलने गिळलेला असतो. छोटी पाकिटं मात्र सुखरूप जातात. या एका आकड्यापायी लोकांनी विंडोज फॉरमॅट केलेलं आहे.

विंडोज एक्सपीत (२००१) पीपीपीओईची सोय आतच होती. लिनक्सवाल्यांना कॅनडातल्या रोअरिंग पेंग्विन कंपनीच्या डेव्हिड स्कोल यांनी लिहिलेलं आरपी-पीपीपीओई तारून न्यायचं. मोडेम "ब्रिज"मध्ये ठेवून संगणकाने हाक मारायची, की मोडेमनेच हाक मारून कायम आत राहायचं, हा त्या काळचा मोठा वादाचा विषय. दुसरा मार्ग सोयीचा, पण मर्यादेबाहेर वापरलं की दर एमबीला पैसे, त्यामुळे लोक मोडेम बंद करून झोपायचे. आणि ज्यांच्याकडे रात्री २ ते सकाळी ८ फुकट असलेला प्लॅन होता, ते दोनचा गजर लावून उठायचे! हा सगळा हिशेब ठेवणारा तोच, रेडियस.

आता तानसा

आता इतका वेळ बाजूला ठेवलेलं तानसा.

मुंबईला नळाचं पाणी मिळालं १८६० मध्ये विहारमधून. मग १८७९ मध्ये तुळशी. तेही पुरेना. मेजर हेक्टर टुलक यांनी १८७० च्या दशकात दूरच्या तानसा नदीकडे बोट दाखवलं होतं. डब्ल्यू. जे. बी. क्लर्क यांच्या देखरेखीखाली धरण झालं, अडीच किलोमीटरहून लांब दगडी भिंत, आणि १८९२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या हस्ते पाणी सुरू झालं. या योजनेतली सुंदर गोष्ट अशी की पाणी मुंबईकडे येतं ते उतारानेच. पंप न लावता, नदी-नाले ओलांडत, बांधीव पाटातून आणि लोखंडी नळांतून. एकोणिसाव्या शतकातलं हे नेटवर्क इंजिनिअरिंगच आहे: उगम, मुख्य वाहिनी, साठवण, वाटप, आणि शेवटी घरातला नळ.

त्या नळाला मुंबईत आणखी एक माणूस लागतो. चावीवाला. महापालिकेचा हा कर्मचारी लांब दांड्याची चावी घेऊन ठरलेल्या वेळी रस्त्यातला व्हॉल्व्ह उघडतो, तेव्हा तुमच्या गल्लीत पाणी येतं. धरणात पाणी आहे, नळ आहे, पाइप आहे, पण चावी फिरली नाही तर बादली कोरडी.

आणि जिथून पाणी निघतं तिथे? तानसा आणि भातसा हे दोन्ही जलाशय शहापूर तालुक्यातले. त्याच शहापूर तालुक्यातल्या कित्येक गावपाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे दर एप्रिल-मे महिन्यात वर्तमानपत्रांत येतं. पाइप अंगणाजवळून जातो, पण त्याला तोटी नाही. वाहिनी जवळून जाणं आणि जोडणी मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तानसाच्या परिसराला हे सव्वाशेहून जास्त वर्षांपासून ठाऊक आहे. आपल्याला ते ब्रॉडबँडने शिकवलं.

२००४ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारचं ब्रॉडबँड धोरण जाहीर झालं. ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस आणि कायम चालू, अशी व्याख्या. २०१० पर्यंत २ कोटी जोडण्या हे लक्ष्य. २०१० च्या अखेरीस झाल्या सुमारे १ कोटी १० लाख, आणि त्यांत शहरांचाच भरणा मोठा. मग २०११ मध्ये केंद्राने ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना मंजूर केली, तीच पुढे भारतनेट. डिसेंबर २०१७ पर्यंत १ लाख ग्रामपंचायतींचा पहिला टप्पा पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. काम खरंच मोठं आहे, त्यात शंका नाही. पण फायबर ग्रामपंचायतीच्या कपाटापर्यंत आली, याचा अर्थ पाड्यावरच्या घरात नेट आलं असा होत नाही. मधे पुन्हा तेच: यंत्राला वीज, शेवटचा टप्पा आणि राउटरच्या पानावर काय भरायचं ते माहीत असलेला एक माणूस.

हा माणूस कुठल्याच अंदाजपत्रकात नसतो. आणि २०२० मध्ये, शाळा मोबाइलवर आल्या तेव्हा, त्याच्या नसण्याची किंमत मुलांनी मोजली. बहुतेक ठिकाणी मोबाइलच्या टॉवरवरच काम भागलं, जिथे रेंज होती तिथे. नव्हती तिथे मुलं टेकाडावर चढली. ज्या थोड्या घरांत तार होती तिथे एडीएसएलचा "ए" आडवा आला. मास्तरांचा व्हिडिओ बघता येत होता, पण मास्तरांना स्वतःच्या घरून तो चढवता येत नव्हता. "घरातला माणूस घेणारा आहे, देणारा नाही" हे तीस वर्षांपूर्वीचं गृहीतक असं भेटलं.

(आजची घरगुती फायबरही यातून पूर्ण सुटलेली नाही. जीपॉन या प्रमाणात खाली येणारा वेग सुमारे २.५ गिगाबिट आणि वर जाणारा त्याच्या निम्मा. पण ही असममिती आता टोचत नाही, इतकाच फरक.)

चावी कोणाच्या हातात?

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं गेलं. आता माणूस येतो, पांढरा डबा भिंतीला लावतो, मोबाइलवर काहीतरी करतो आणि दहा मिनिटांत नेट चालू. ०/३५ कोणाला आठवतंय?

खरं आहे. २००४ मध्येच टीआर-०६९ नावाचं प्रमाण आलं होतं, ज्यात सेवादाता दूर बसून तुमचा राउटर स्वतःच कॉन्फिगर करतो. नाव, पासवर्ड, सगळं तिकडून भरलं जातं. ही सोय मोठी आहे. ज्याला १९२.१६८.१.१ म्हणजे काय ते माहीत नाही त्यालाही नेट मिळतं, आणि मिळायलाच हवं. आपण इंजिनिअर लोक "आमच्या वेळी हाताने करायचो" म्हणून मिशांना पीळ देतो, पण ज्या व्यवस्थेत आजोबांना एमटीयू कळल्याशिवाय नातवाचा चेहरा दिसत नाही, ती व्यवस्था काही चांगली नव्हे.

पण हाताने भरण्याची दुसरी बाजूही आहे, आणि दोन घटना त्यासाठी पुरेशा आहेत. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड ग्राहकांचे हजारो मोडेम एका मालवेअरने निकामी झाले. कशामुळे? कारखान्यातून आलेला नाव-पासवर्ड तसाच होता. ज्यांनी तो बदलला होता त्यांच्या दाराला निदान कुलूप होतं. ही झाली हातातली चावी न वापरल्याची गोष्ट. दुसरी, नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइचे टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राउटर बंद पडले. तिथे हल्लेखोर चाचपत होते ते दूरवरून कॉन्फिगर करण्यासाठीचंच दार. म्हणजे चावी आपल्याकडे असो की चावीवाल्याकडे, ती आहे हे कोणालातरी लक्षात ठेवावंच लागतं.

माझं मत विचाराल तर, रोजचं काम चावीवाल्याने करावं, पण व्हॉल्व्ह कुठे आहे ते घरातल्या एकाला तरी माहीत असावं. तुमच्या घरच्या फायबरमागेही बऱ्याचदा तेच पीपीपीओई चालू आहे, १९९९ चं सोंग अजून उतरलेलं नाही. ०/३५ च्या जागी आता व्हीलॅनचा क्रमांक आला, पण अर्थ तोच: एकाच वाटेवर आपला खण कुठला. तेव्हा या शनिवार-रविवारी एवढं करा. सेवादात्याकडून तुमचं पीपीपीओईचं नाव, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक मागून घ्या. राउटरच्या पानाचा कारखान्यातला पासवर्ड बदला. बाहेरून ते पान उघडण्याची सोय चालू असेल तर बंद करा. आणि हे सगळं एका कागदावर लिहून राउटरच्या डब्यातच ठेवा, मोबाइलमध्ये नको. नेट बंद असताना क्लाउडमधली नोंद काय कामाची?

आणि गावाकडे घर असेल, शहापूरला, मुरबाडला, कुठेही, तर तिथल्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत असाच एक कागद आहे का ते विचारा. नसेल तर बसून लिहून द्या, मराठीत. कुठला दिवा कशाचा, कुठल्या चौकोनात काय भरायचं, बंद पडलं तर आधी काय बघायचं. तासाभराचं काम आहे. सोबत दहावी-बारावीतला एखादा मुलगा किंवा मुलगी बसवा आणि भरू द्या त्यांनाच. पहिल्यांदा हाक मारून पलीकडून "मी आहे" असं उत्तर येतं, तेव्हा चेहऱ्यावर जे येतं ते बघण्यासारखं असतं.

असो. लेख लांबला. पुढच्या वेळी १९२.१६८ हाच पत्ता सगळ्यांच्या घरी कसा काय असतो आणि तरी पत्रं चुकत कशी नाहीत, यावर लिहीन म्हणतो.